साफ केलेल्या ओळी

२ सप्टेंबर

ही काल माहेरी गेली. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण उठवायला-बसवायला माणूस हवं. मेहुणी एकटी किती करणार? तीन-चार आठवडे तरी लागतील.

गाडीत बसता बसता सूचना चालू होत्या. दूध, गॅस, लेकीची परीक्षा. शेवटी शेत.

"पाणी बघ. तण काढून घे. बाकी काही करू नकोस."

"काहीच नको?"

"काहीच नको. ऐकलंस ना?"

ऐकलं. दुसऱ्यावर भार टाकायला हिला पहिल्यापासून संकोच वाटतो.

आज हिचं टेबल आवरलं. वाळलेली खोडं, फुटकी बोंडं, तंतूंचे गुंते, कशाला काही धरबंध नाही. सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. खाली एवढं मोठं टेबल आहे हे मी विसरलोच होतो. लेक दारात उभी राहून बघत होती.

"आई मारेल."

"आई खूश होईल."

"लावतोस पैज?"

मी पैज लावत नाही.

५ सप्टेंबर

हिच्या शेतावर जाऊन आलो. आम्ही एकाच संशोधन केंद्रात नोकरी करतो, पण माझं काम दुसऱ्या टोकाला. बियाण्यासाठी पेरलेल्या शेतांत फिरायचं, त्या वाणाचं नसलेलं झाड हेरायचं आणि ते उपटून घ्यायचं. एका बाजूने दिसेल तेच शेवटपर्यंत दिसलं पाहिजे. हिरव्या खोडांच्या रानात एक तांबडं खोड असलं तर मला ते बांधावरून दिसतं. माझा डोळा वाईट नाही, असं लोक म्हणतात.

हिचं पीक अंबाडी. गावोगाव फिरून हिने बी गोळा केलं. कुणी दोर वळायला परसात लावलेली, कुणी शेताच्या कडेला कुंपणासारखी. ज्याने जे दिलं ते मूठभर. प्रत्येक मुठीची एक ओळ.

ओळी कसल्या, बाजार! एक झाड हिरवं, त्याला खेटून जांभळट. एकाचं पान पंजासारखं फाटलेलं, शेजारच्याचं अखंड. एक माझ्या डोक्यावरून गेलेलं, एक कमरेशी थांबलेलं. एकाला कळ्या, दुसऱ्याला पत्ता नाही. काहींच्या खोडाला हात लावला तर काटे, काहींचं खोड गुळगुळीत. आणि हे सगळं एकाच ओळीत.

मला लाज वाटली. हिच्या वतीने.

७ सप्टेंबर

मोठ्या साहेबांनी बोलावलं. पाहणी पथक चौदा तारखेला येतं आहे. अंबाडीचं काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते त्यांच्या मतावर ठरणार.

"बाई नाहीत. शेत तुम्ही दाखवा."

"दाखवतो."

"जरा दाखवण्यासारखं असू द्या."

हिला फोनवर पथकाचं सांगितलं. म्हणाली, "येऊ देत. जसं आहे तसं दाखव." मागे सासूबाई कुणाला तरी उशी नीट लावायला सांगत होत्या. मी म्हणालो, तू काळजी करू नकोस.

८ सप्टेंबर

मुकादमबाईंना म्हणालो, उद्या चार बाया द्या, भेसळ काढायची आहे.

"बाई सांगून गेल्यात, झाडाला बोट लावायचं नाही."

"मी त्यांचा नवरा आहे."

"ते मला ठाऊक आहे. त्यांनाही आहे, म्हणून तर सांगून गेल्या असतील."

बाया हसल्या. मीही हसलो. मुकादमबाईंची जीभ अशीच आहे.

१० सप्टेंबर, रविवार

केलं. एकट्याने, सकाळपासून ऊन कलेपर्यंत. पाठ धरली आहे, हातमोजे घालूनही मनगटं ओरबाडली आहेत. पण समाधान वाटतं आहे. कितीतरी दिवसांत असं वाटलं नव्हतं.

पद्धत साधी ठेवली. ओळीत ज्या जातीची झाडं जास्त ती ठेवायची, बाकीची उपटायची. एका ओळीपाशी अडलो. अर्धी हिरवी, अर्धी तांबडी. हिरवी ठेवली. हिरव्या रंगात ओळ जास्त सरळ दिसते.

उपटलेली झाडं वाया घालवली नाहीत. जाडीप्रमाणे मोळ्या बांधल्या आणि कुजवायच्या टाक्यात उभ्या केल्या. बुंधा राठ असतो, त्याला आधी दोन-तीन दिवस पाणी द्यायचं, मग मोळ्या आडव्या करून बुडवायच्या. हिला तंतू तरी मिळेल.

शेताचा फोटो काढून हिला पाठवला. एका नजरेत सगळ्या ओळी. बराच वेळ उत्तर नाही. दवाखान्यात रेंज नसावी. संध्याकाळी आलं: "हे तू केलंस?"

मी लिहिलं: "अजून कोण?"

त्यानंतर काही नाही. सासूबाईंचं जास्त झालं की काय?

१४ सप्टेंबर

पथक येऊन गेलं.

तिघेजण. प्रमुख बाई वयस्कर, बारीक, पायात चिखलाचे बूट. मोठे साहेब शेत बघताच म्हणाले, "आता कसं शेतासारखं दिसतंय!" बाई एका ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तशाच परत आल्या. वाटेत वाकून खोडं बघत होत्या.

"ओळीच्या आत फरक किती आहे?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "मी स्वतः काढला."

"काढला."

"उपटून. रविवारचा दिवस घालवला."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. एवढं काम एका माणसाने केलं यावर विश्वास बसत नसावा.

"तुमच्या मिसेस कधी येणार?"

"महिनाअखेर."

"बरं," म्हणाल्या. चहा न घेताच गेल्या. एकंदरीत छाप चांगली पडली असं वाटतं. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आईला सांगितलंस?" आई फोन उचलत नाही, म्हणालो. "माझा उचलते," म्हणाली आणि आत गेली.

१६ सप्टेंबर

खरंच आहे. ही लेकीशी बोलते. रोज बोलते. आज मी शेजारीच बसलो होतो. अभ्यास, डबा, मैत्रीण, सगळं झालं. 'बाबाला दे' असं म्हणाली नाही. लेकीने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेली.

१७ सप्टेंबर

मेहुणीचा फोन आला.

"भावोजी, बसलाय का?"

"आईंना काही—"

"आई बरी आहे. काठी घेऊन चालते आणि नर्सला चालायला शिकवते. ताई बरी नाही."

"तिला काय झालं?"

"तुम्ही झालात."

मग तिने सांगितलं. ताई दोन दिवस नीट जेवली नाही. तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होती.

"मला तुमच्यातलं काही कळत नाही. मी विचारलं, अगं, झाडंच ना? तर म्हणाली, एकेका मुठीत किती तऱ्हा निघतात तेच बघायचं होतं. उंच, बुटकं, काट्यांचं, बिनकाट्यांचं. फुलं आली की एकेकाला मोजणार होती, त्यातून निवडणार होती. आता सगळं एकसारखं उरलंय, त्यातून काय निवडू म्हणाली. पेरलं होतं ज्यासाठी, नेमकं तेवढंच उपटलं म्हणाली."

"बी असेल ना तिच्याकडे. शिल्लक."

"मूठभरात काय शिल्लक राहणार, भावोजी?"

फोन ठेवल्यावर लिहायला बसलो.

लिहायला अवघड जाईल असं एकच वाक्य आहे. मला हे माहीत होतं. निवड करायची तर आधी फरक हवा, हे कॉलेजात आम्हाला एकाच बाकावर शिकवलं. मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. हिने माझी वही मागितली होती, तशी आमची ओळख झाली. अडाण्याने केलं असतं तर त्याला अडाणी म्हणता आलं असतं. मी काय म्हणू? त्या दिवशी शेतात उभा राहून मला ते आठवलंसुद्धा नाही. मला फक्त वाकडंतिकडं दिसत होतं.

आणि त्या बाईंना मी सांगितलं, मी स्वतः काढला. वर रविवार घालवला म्हणूनही सांगितलं.

१८ सप्टेंबर

उजाडताच टाक्यावर गेलो. मोळ्या आडव्या करून बुडवायच्या होत्या, त्या पथकाच्या गडबडीत तशाच उभ्या राहून गेल्या होत्या. खालची पानं गळलेली, शेंड्यांनी माना टाकलेल्या. पण पाण्यातल्या भागाला पांढरी मुळं फुटली होती. काही खोडांवर डोळेही हिरवे होते. मी एक काम विसरलो, म्हणून एवढी वाचली. माझ्या व्यवस्थितपणाने वाचलेलं एकही नाही.

मोळी सोडली आणि तिथेच उकिडवा बसलो. मोळ्या जाडीप्रमाणे बांधल्या होत्या. कुठलं झाड कुठल्या ओळीतलं, कसलीच खूण नाही. आयुष्यभर भेसळ शोधत फिरलो. एवढी मोठी भेसळ मी कुणाच्या शेतात पाहिलेली नाही.

मुकादमबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.

"कुंड्या लागतील," म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "उपटायला एकटे येता, लावायला माणसं लागतात."

आम्ही कुंड्या आणायला गेलो.

खोडाचे तुकडे करून कुंड्यांत लावले. गच्चीत, जिन्यात, न्हाणीघराच्या खिडकीत. लेक शाळेतून आली आणि दप्तर घेऊन तशीच पायरीवर उभी राहिली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

"आता आवरणार कोण हे?"

"राहू दे असंच."

ती माझ्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

२१ सप्टेंबर

काही झाडं आठवतात. जे वेगळं दिसतं ते मी विसरत नाही, तोच माझा धंदा. विहिरीकडच्या काटेरी ओळीत एकच गुळगुळीत खोड होतं, ते हे. फाटक्या पानांच्या ओळीतलं अखंड पानांचं, ते हे. त्यांना चिठ्ठ्या बांधल्या, ओळीचा आकडा घालून. बांधताना बरं वाटलं.

मग आठवणारी संपली. उरलेल्या कुंड्या तशाच उघड्या बसल्या होत्या.

२३ सप्टेंबर

सगळ्या कुंड्यांना चिठ्ठ्या झाल्या.

कसं झालं ते लिहून ठेवतो. तांबडं खोड हातात घ्यायचं, डोळे मिटायचे, कुठल्या ओळीत उपटलं ते आठवायचं. काही दिसत नाही. तरी हात आकडा लिहितो. पहिल्यांदा लिहिताना थांबलो होतो. नंतर थांबलो नाही.

लेक म्हणाली, "हे सत्तावीस नंबरचं कशावरून?"

"अनुभव."

"अनुभव म्हणजे ठोकून दिलं ना?"

"तुझा अभ्यास नाही का?"

ती गेली. मी पुढची चिठ्ठी लिहिली. एखाद्याच्या बियाण्याच्या पोत्यावर अशी चिठ्ठी सापडली असती तर मी ते अख्खं पोतं बाद केलं असतं आणि त्या माणसाला चार गोष्टी सुनावल्या असत्या. मला कोरी चिठ्ठी बघवत नव्हती, एवढंच. हिने यावं आणि तिला सगळं आपापल्या जागी दिसावं. गेलं ते मी परत आणलं असं तिला वाटावं.

२६ सप्टेंबर

हिचा निरोप: "उद्या येते." मला, लेकीला नाही. चिठ्ठ्या काढून टाकाव्यात असं सकाळी वाटलं. दुपारीही वाटलं.

कुंड्यांना पाणी घातलं.

२७ सप्टेंबर

आली. वाळली आहे. दारातून आत आली, टेबलाकडे बघितलं. त्या रिकाम्या टेबलावर पिशवी ठेवली.

मी पाणी दिलं. सासूबाईंचं विचारलं. "बऱ्या आहेत." प्रवासाचं विचारलं. "झाला." मग लेक तिचा हात धरून तिला गच्चीत घेऊन गेली. मी मागे उभा.

ही एकेका कुंडीपाशी वाकत होती. नव्या फुटव्यांना बोट लावत होती, चिठ्ठी वाचत होती. एका कुंडीपाशी ती खाली बसली.

"सत्तावीस? ही जगली?"

ती ओळ कुठून आली होती ते मला माहीत आहे. एका म्हातारीने हिला दारात ताटकळत ठेवलं होतं, काय करायचंय तुला म्हणून उलटतपासणी घेतली होती, मग पदराच्या गाठीतून बी सोडून दिलं होतं. त्या घराला आता कुलूप आहे. हिने परत आल्यावर मला हे सगळं सांगितलं होतं, मी अर्धवट ऐकलं होतं. अर्धी हिरवी, अर्धी तांबडी ती हीच ओळ.

ही मान वर करून बघत होती. जवळजवळ चार आठवड्यांत तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चेहरा उजळला होता.

"नक्की सत्तावीसच?"

मी हो म्हणालो.

मग चहा झाला. तिने आईच्या गमती सांगितल्या, नर्सची नक्कल केली. लेक हसत होती. मीही हसत होतो. माझी पाठ लेकीकडे होती, पण ती माझ्याकडे बघते आहे हे कळत होतं.

२८ सप्टेंबर

सकाळी ही ती कुंडी काखेत मारून शेतावर निघाली. मी बरोबर गेलो. वाटभर सांगायचं ठरवत होतो आणि रस्ता संपला.

बांधावर ती थांबली. फोटोत बघितलेलं असलं तरी समोर बघणं वेगळं. बाया तण काढत होत्या, त्यांनी हात थांबवले. मग ही सत्तावीस नंबरच्या ओळीत शिरली, एका मोकळ्या जागी बसली आणि खुरप्याने खड्डा करायला लागली. कुंडी शेजारी. हिरव्या ओळीत तांबडं झाड परत लावायला.

"थांब," मी म्हणालो.

खुरपं थांबलं.

"सत्तावीसचं आहे असं नाही. अंदाज आहे."

तिने वर बघितलं नाही. "काल नक्की म्हणालास."

"हो."

"आणि बाकीच्या?"

"पहिल्या सहा-सात खऱ्या आहेत. त्या मला आठवतात. बाकी अंदाज."

"अंदाज की मनाने?"

"मनाने."

तिने कुंडीवरची चिठ्ठी सोडली, दुमडली आणि मुठीत धरली. खड्डा बुजवला. माती हाताने थापून सारखी केली.

"उपटलंस ते समजू शकते," ती म्हणाली. "तुला दुसरं काही येत नाही. पण हे मी इथे लावलं असतं. त्याचं बी धरलं असतं. पुढच्या वर्षी त्या म्हातारीचं म्हणून मोजलं असतं, लिहिलं असतं. मग ते खोटं कुणालाच कधी उपटता आलं नसतं."

मी उभा होतो. खाली बसावं की नाही कळत नव्हतं.

"कोऱ्या चिठ्ठ्या चालल्या असत्या मला."

"हो."

"हो काय?"

मी खाली बसलो.

ती म्हणाली, "पथकाच्या बाईंचा फोन आला होता मला तिकडे. म्हणाल्या, तुमचे मिस्टर फार व्यवस्थित आहेत." यावर ती हसेल असं मला क्षणभर वाटलं. ती हसली नाही. "एक वर्ष दिलंय त्यांनी. ओळींत काही उरलंय असं दाखवता आलं तर पुढे."

"उरलंय का?"

"ते तू सांग. तुझा डोळा आहे ना?" ती उठली, हात झटकले, पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. "आणखी तासभर मिळाला असता तर काय काय उपटलं असतंस?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी पुढे, ती मागे. बाया बघत होत्या. बांधावरून एकसारखं दिसणारं शेत आत शिरल्यावर तसं नव्हतं. मला ते त्या रविवारीही दिसलं होतं. तेव्हा ऊन कललं, पाठ धरली, म्हणून थांबलो होतो.

"हे."

"का?"

"दोन पेरांतलं अंतर जास्त आहे."

तिने दोरा बांधला.

"हे. बुंधा जाड आहे, बाकीच्यांच्या मानाने."

दोरा.

"हे."

"का? मोठ्याने सांग."

"कळ्या उशिरा धरल्यात. बाकीच्यांना आल्या, याला अजून नाहीत."

"उशिरा फुलतं ते उंच जातं," ती म्हणाली, मला नव्हे, झाडाला. दोरा बांधला.

असं चाललं. प्रत्येक झाडापाशी उभं राहून, हे मी का मारलं असतं ते सांगायचं. कारण दरवेळी एवढंसं असायचं. देठाचा रंग. पानाच्या पंजाला एक बोट जास्त. जरासं कलणं. मुकादमबाई खुरपं घेऊन समोरच्या ओळीत बसल्या होत्या. आज त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौदाव्या ओळीत मी एक झाड सोडून पुढे गेलो. मागे पावलं थांबली.

"आणि हे?"

"ते नाही."

"खरं सांग."

ठेंगणं झाड. अर्ध्यातून फांदी फुटलेली, खोड काळपट तांबडं, वरपासून खालपर्यंत काटे. शेतातलं सगळ्यात वेगळं झाड हेच होतं. कुणालाही दिसलं असतं.

"हे सगळ्यात आधी दिसलं होतं," मी म्हणालो. "हात घातला होता. फार बोचलं, म्हणून सोडून दिलं."

ती वाकली आणि उघड्या हाताने ते खोड बुंध्यापाशी धरलं. दोरा दोनदा फिरवून गाठ मारली. हात काढला तेव्हा बोटाला रक्त आलं होतं. तिने बोट तोंडात घातलं.

"पुढचं दाखव," बोट तोंडात ठेवूनच म्हणाली.